ओल्या चिऱ्यावरची गाडी

आमच्या घराकडे येणारा शेवटचा चढ असा आहे की पाहुणे गाडी खाली रस्त्यालाच लावतात आणि धापा टाकत वर येऊन आधी पाणी मागतात. मी मात्र आमची गाडी रोज त्या चढावरून वर न्यायची. पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, आडव्या येणाऱ्या कोंबड्यांना शिव्या घालत. त्या फेब्रुवारीत एका दुपारी इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. जळका वास सुटला. मग ती हळूहळू मागे घसरायला लागली, तेव्हा मी हँडब्रेक ओढला, उतरून मागच्या चाकाला दगड लावला आणि तिथेच उभी राहून नवऱ्याला फोन केला.

नवरा आखातात होता, मोटारींच्या वर्कशॉपमध्ये. लग्नानंतर लगेचच गेला आणि मग एक वर्षाआड मे महिन्यात, आंब्याला, यायचा. आमच्या वाडीत असे संसार घरटी एक आहेत, त्यामुळे मला कोणी बिचारी म्हटलं नाही आणि मीही स्वतःला म्हटलं नाही. आम्हाला मूल नाही. घरात मी आणि सासूबाई. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले.

"क्लच प्लेट गेली," तो फोनवर म्हणाला. "वास कसा येतोय?"

"वास काय पाठवू तुम्हाला?" मी म्हटलं. उन्हात उभी होते आणि मागे एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

तो हसला. खूप दिवसांनी हसला, म्हणून मला ते नीट आठवतं. अलीकडे आमचं बोलणं आटत आटत 'जेवलात का, आई बरी आहे का, पाऊस आहे का' इतक्यावर आलं होतं. आणि पाऊस तर चारच महिने असतो.

वाडीतल्या माणसांनी ढकलून गाडी वर आणली आणि आमच्या गॅरेजात लावली. गॅरेज म्हणजे घराच्या कुशीला जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे चार खांब आणि वर पत्रा. सुट्टीवर आला की नवरा अर्धा वेळ तिथेच असायचा, गाडीच्या पोटाखाली, आणि मी बाजूला स्टुलावर बसून पाने द्यायची. दहा-अकराचा रिंग पाना, चौदाची गोटी, सतराची गोटी. दुसऱ्या बायका नवऱ्याबरोबर गणपतीपुळ्याला जायच्या, मी नवऱ्याबरोबर ऑइल बदलायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तिथे तो माझ्याशी बोलायचा.

मी म्हटलं, गाडी गावातल्या मेकॅनिककडे देते. मे महिन्यात त्याला स्टेशनवर आणायला जायचं होतं आणि रिक्षातून त्याला घरी आणणं मला कमीपणाचं वाटत होतं. तो म्हणाला, "नको. तूच कर. मी व्हिडिओवर सांगतो. तुला जमेल."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? गिअरबॉक्स उतरवायचा आहे, नारळ नाही."

"नारळ तू उतरवतेस काय कधी? पण गिअरबॉक्स उतरवशील."

मला तेव्हा वाटलं, आपल्यावर केवढा विश्वास आहे या माणसाचा. मी मनातून इतकी फुलले की दुसऱ्याच दिवशी मारुती मंदिराजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग घेऊन आले. दुकानदारानं विचारलं, मेकॅनिक कोण? मी म्हटलं, मी. त्यानं माझ्या साडीकडे बघितलं आणि पार्ट पिशवीत घातले.

दुपारी त्याला जेवणाची सुट्टी असायची. त्या वेळात फोन. माझे दोन्ही हात कामात, म्हणून फोन धरायला सासूबाई. त्या स्टुलावर बसायच्या, फोन दोन्ही हातांत, आरतीचं ताट धरल्यासारखा. पहिले काही दिवस नवऱ्याला गाडीऐवजी पत्राच दिसायचा, नाही तर आईचं कपाळ.

"आई, फोन खाली कर. गाडी दाखव."

"गाडी काय पळून जाते? तू जेवलास काय रे?"

"जेवलो. आता गाडी दाखव."

"काय जेवलास?"

मी खालून ओरडायची, "आई, माझ्या छातीवर बॅटरीचा पत्रा आहे, त्यांचं जेवण मागनं विचारा!" तिघंही हसायचो. खरं सांगते, इतकी वर्षं झाली लग्नाला, पण तिघं मिळून हसलो असं ते त्या दिवसांतच.

काम तसं चार दिवसांचं. त्याच्यासारख्याला एका दिवसाचं. मी ते पुरवून पुरवून केलं. बॅटरी काढली की त्या दिवसाचं काम संपलं म्हणायची. गिअरचं तेल काढायला एक दुपार, स्टार्टर काढायला एक दुपार. एखादा बोल्ट हातानं सुटत असला तरी "घट्ट आहे हो, सुटत नाही" म्हणून सांगायचं, म्हणजे तो सांगत बसायचा, तेल सोड, वाट बघ, पान्याला पाइप लाव, जोर खांद्यातनं दे, मनगटातनं नको. हा आवाज मला माहीत होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तो मला स्कूटर शिकवत होता तेव्हा हाच आवाज होता. मी गाडीखाली पालथी-उताणी होऊन ग्रीसनं माखून घेत होते आणि आतून नव्या नवरीसारखी खूश होते. शेजारणी विचारायच्या, काय चाललंय? मी म्हणायची, गाडी दुरुस्त करतोय आम्ही. आम्ही.

त्यानं पहिल्याच दिवशी दम भरला होता की काढलेलं चाक मोकळं ठेवायचं नाही, आधी गाडीच्या कडेखाली आडवं सरकवायचं. ते मी ऐकलं. इंजिन लोंबू नये म्हणून बॉनेटवर आडवा वासा टाकून दोरानं बांधायला सांगितलं, तेही केलं. घोळ झाला तो घोडीचा. जॅकनं गाडी उचलली की खाली जो लोखंडी टेकू देतात त्याला आमच्याकडे घोडी म्हणतात. आमच्या दोन घोड्या होत्या, त्यातली एक गंजून तिचा पाय वाकलेला. ज्या दिवशी हे लक्षात आलं त्या दिवशी नेमकी रेंज नव्हती. थांबले असते तर चाललं असतं, पण मला गिअरबॉक्स खाली घेऊन त्याला दाखवायचा होता. शाबासकी हवी होती.

अंगणात चिरे होते. कुंपणाच्या गडग्यासाठी दोनच दिवसांपूर्वी खाणीतून आणून टाकलेले, लालबुंद, कडा अजून धारदार. मी दोन चिरे एकावर एक ठेवले, वर फळकुट ठेवलं आणि गाडीची डावी बाजू त्यावर टेकवली. मला काडीची शंका आली नाही. आमच्याकडे घर चिऱ्याचं, विहीर चिऱ्याची, देऊळ चिऱ्याचं, मेल्यावर तुळशीवृंदावन बांधतात तेही चिऱ्याचं. चिऱ्यावर कोण अविश्वास दाखवणार? खाणीतून नुकता काढलेला चिरा ओला असतो, मऊ असतो, गवंडी तो कोयतीनं सुद्धा तासतो, आणि ऊनवारा खाऊन मग तो घट्ट होतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं.

जॅक मोकळा झाला, त्यावर गिअरबॉक्स तोलून खाली घेतला. सासूबाईंनी दोरीचं एक टोक धरलं होतं. खाली आल्यावर आम्ही दोघींनी त्याच्याकडे बघितलं. "एवढ्याशा पेटीसाठी एवढं?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लागला. मी गाडीखाली होते. जुनी प्लेट काढली होती, झिजून पार गुळगुळीत झालेली, आणि नवी बसवत होते. ती बरोबर मध्यावर बसावी लागते, नाही तर गिअरबॉक्स परत चढत नाही. त्यासाठी हत्यार मिळतं, पण त्यानं मला आंबे काढायच्या घळीच्या तुटक्या काठीचा तुकडा तासून, टेप गुंडाळून, भोकात घालायला लावला होता. मी तो धरून हळूहळू बोल्ट आवळत होते, समोरासमोरचे, थोडे थोडे, त्यानं सांगितल्याप्रमाणे. वरून सासूबाई म्हणाल्या, "थांब रे, तुला सगळी गाडी दाखवते," आणि त्यांनी फोन पहिल्यांदाच आपणहून खाली नेला.

मग त्याचा आवाज आला. तसा आवाज मी त्याचा कधीच ऐकला नव्हता.

"ते काय ठेवलंय खाली? चिरे? चिरे ठेवलेत? भायेर ये! आधी भायेर ये!"

"अहो, एवढा एक बोल्ट..."

"बोल्ट ऱ्हाव दे! मी सांगतो ना, भायेर ये, तुज्या पाया पडतो!"

मी सरपटत बाहेर आले. पाना हातातच होता. उठून बसले, केसांतली माती झाडली आणि फोनकडे बघून हसत म्हटलं, "घरं उभी राहतात हो चिऱ्यावर." तेवढ्यात खालचा चिरा भुसकन फुटला. मोठा आवाजही झाला नाही. लाल भुगा उडाला, गाडीची डावी बाजू खाली आली आणि आडव्या ठेवलेल्या चाकावर बसली. वरचा चिरा घरंगळत माझ्या पायाशी आला. मी जिथे मान ठेवली होती तिथे आता वीतभर सुद्धा जागा नव्हती.

फोनमधून रडण्याचा आवाज आला. नवरा रडत होता. मोठ्यानं, वर्कशॉपमध्ये, माणसं बघत असतील तरी.

आता हे लिहायला लाज वाटते, पण तो माझ्या आयुष्यातला फार सुखाचा क्षण होता. मला भीती वाटायला हवी होती, पण मनात एवढंच आलं की या माणसाचा माझ्यात जीव आहे. इतकी वर्षं मी जे विचारायचं टाळत होते त्याचं उत्तर मिळालं. मी म्हटलं, "रडता कशाला? बाहेर आले ना मी? मे महिन्यात याल तेव्हा ओरडा हवं तेवढं."

त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाला, "मी येणार नाय."

मला वाटलं सुट्टी मंजूर झाली नसेल.

"मेमध्ये नाय, आणि मागनं पण नाय. इथे माजं बिऱ्हाड हाय. दोन वर्षां झाली. मी सांगणारच होतो. गाडीचं तुला सगळं जमायला लागलं, म्हंजे कोणावाचून अडणार नाय, मग सांगीन असं ठरवलंलं. पण आता तू मेली असतीस गो. मेली असतीस आणि मी खोटाच ऱ्हायलो असतो."

मी चिऱ्याच्या भुग्यात बसले होते. त्यानं अजून बरंच सांगितलं. ती बाई कोण, कुठली, पैसे दर महिन्याला येतील, घर माझंच समजायचं. त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते एकच, की माझ्या डोक्यात गेल्या तीन आठवड्यांतल्या दुपारी एकेक करून उलटायला लागल्या. जोर खांद्यातनं दे. वाट बघ. तुला जमेल. मी बोल्ट घट्ट असल्याचं सोंग करून त्याला फोनवर धरून ठेवत होते, आणि तो मला एकटीनं राहायला शिकवत होता. दोघंही मन लावून करत होतो. मला राग यायला हवा होता, तो पुढे आलाही, अगदी तोंड भरून आला. पण त्या वेळी नुसतं दुखलं. कुणी छातीवर गाडी टेकवावी तसं.

फोन सासूबाईंच्या हातात होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या उठल्या, फोन चिऱ्यांच्या राशीवर पालथा ठेवला आणि घरात गेल्या. फोनमधून तो "आई, आई" म्हणत होता. फोन बंद कसा करतात ते त्यांना माहीत नव्हतं. मी उठून बंद केला.

राहिलेलं काम मी त्याच आठवड्यात संपवलं. बाजारातून नवी घोडी आणली. गिअरबॉक्स परत चढवणं हे सगळ्यात कठीण काम, असं तो म्हणायचा. खालून जॅक उचलायचा, एका हातानं पेटी हलवायची, दांडा प्लेटच्या बरोबर मध्यात शिरेपर्यंत. सासूबाई टॉर्च धरून उभ्या होत्या. सहा वेळा चुकलं असेल की सात, मी मोजलं नाही. मग एकदाची ती पेटी आत सरकली आणि बसली. मी सवयीनं मान वळवून म्हटलं, "बसला हो!" सासूबाईंच्या हातात टॉर्च होता, फोन नव्हता. त्यांनी टॉर्च विझवला.

गाडी सुरू झाली. खाली रस्त्यापर्यंत नेऊन वळवली, आणि तो चढ ती एका दमात चढली. कोंबड्या बाजूला झाल्या. मी दारात गाडी उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी एक पिशवी होती.

"मना लांज्याला सोड गो. लेकीकडं."

"का? काय झालं?"

"काय झालं म्हंजे? तुज्यासमोर बसून मना घास उतरत नाय. माज्या पोटचा हाय तो. तू मना वाढतेस, माजे पाय चेपतेस, कुठल्या नात्यान?"

मी खूप बोलले. रागावले सुद्धा. म्हटलं, त्यांनी केलं ते त्यांनी केलं, तुम्ही कशाला जाताय? मला आणखी कोण आहे? हे मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. नवऱ्याबरोबर माझे सगळे मिळून किती महिने गेले असतील? बाकी सगळं आयुष्य या बाईबरोबर गेलं होतं. तिची दाढ, तिचा गुडघा, तिची उकड्या तांदळाची पेज, माझा दोनदा पडलेला गर्भ. दोन्ही वेळा माझ्या उशाशी तीच बसली होती. नवरा गेला हे मी सोसलं असतं, खोटं कशाला बोलू. तो तसाही नसायचाच. तिनं जावं हे मला सोसत नव्हतं. पण ती हट्टी होती आणि लाजेनं आणखी हट्टी झाली होती. "मना तोंड दाखवू नको म्हणाली असतीस तर बरां झालां असतां," ती म्हणाली. ते मी कधीच म्हणणार नव्हते, म्हणून तिला राहवेना.

दुरुस्त केलेल्या गाडीचा पहिला मोठा प्रवास असा झाला. पालीच्या पुढे त्या एवढंच म्हणाल्या, "गाडी बरी चालते."

लांज्याला ननंदेचं घर हायवेपासून जरा आत आहे. तिला फोनवर सगळं कळलं होतं. ती बाहेर आली, आईची पिशवी घेतली, मला "या, बसा" म्हणाली. एरवी मी त्या घरात सरळ स्वयंपाकघरात शिरायची आणि डबे उघडून बघायची. त्या दिवशी मी बाहेर खुर्चीवर बसले आणि मला ट्रेमधून चहा आला. सोबत बिस्किटं, पसरून ठेवलेली. ननंद वाईट नाही. माझ्याशी कसं वागावं तेच तिला कळत नव्हतं. मला तरी कुठे कळत होतं? मी दोन बिस्किटं खाल्ली आणि निघते म्हटलं.

त्या घरातून मी कुंकू लावल्याशिवाय कधी निघाले नव्हते. सवाष्ण माहेरी-सासरी जाताना दारात कुंकू लावायचं, ही साधी रीत. ननंद उंबऱ्यात उभी राहून करंड्यात बोट बुडवायची, मी पायरीवरून मान पुढे करायची, ती म्हणायची पुढच्या वेळी राहायला या, मी म्हणायची येते. त्या दिवशीही मी चपला घातल्या, पायरी उतरले, वळले आणि मान पुढे करून उभी राहिले.

कोणाचा हात आला नाही. मी डोळे वर केले. ननंद उंबऱ्यात होती, हात गाऊनला पुसत, आणि आईकडे बघत होती. सासूबाई तिच्या मागे, भिंतीला धरून, जमिनीकडे बघत होत्या.

"सावकाश जा," ननंद म्हणाली. "हायवेला ट्रक फार असतात."

मी मान सरळ केली, हो म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले.